विसळणारी

एकतीस वर्षं मी काच विसळते आहे
झाग्रेबमधल्या या इमारतीच्या तळघरात,
जिथल्या खिडकीतून माणसं नाही, नुसती पावलं दिसतात.
माझी बोटं बघा, ॲसिटोननं तडकलेली,
जुन्या बशीच्या चकाकीवर रेघा पडाव्यात तशी.

वरच्या मजल्यावर चमचाभर पावडरीसाठी
घागरभर द्रावक ओतायचे.
चमचा त्यांच्याकडे राहायचा,
घागर माझ्याकडे यायची.
निळं पिंप, पिंपावर चिठ्ठी, चिठ्ठीवर माझी सही.
गुरुवारी ट्रक.
जाळायला नेतात, म्हणाले.
कुठे, ते मी विचारलं नाही.

मग तो मार्चमधला रविवार.
सकाळचे सहा वाजून चोवीस मिनिटं.
धुराडी कोसळली, कॅथेड्रलचं एक टोक तुटलं,
आणि त्यावर बर्फ पडला, जणू झाकपाक करायला.
आठवड्यानं दार उघडलं तर
फळ्यांवरच्या सगळ्या बाटल्या
जमिनीवर एकजीव झालेल्या.
तो वास गेलाय. स्वेटर मी टाकून दिला.
पण अजूनही काही थरथरलं
की हात आपोआप टेबलाची कड धरतो.

आणि आता ही लोव्होर्का,
पाग बेटावरची, नाकात चमकी, बोलण्यात वारा,
मला वर बोलावते :
"तेता श्टेफा, या ना, बघा. भिजवल्याशिवाय."

अक्रोडाएवढी पारदर्शक डबी.
आत बोराएवढ्या दोन पोलादी गोळ्या,
एक पांढरं पीठ आणि दुसरं पांढरं पीठ.
बटण.
सेकंदाला तीस हेलकावे.
माझा हात कडेवर.

"खलबत्ताच की हा!"
"हो. फक्त दमत नाही."

डबीतून लाल किरण आरपार,
पडद्यावर एक शिखर खचत होतं
आणि शेजारी दुसरं उगवत होतं, घाई न करता.
दगडाला दगड घासून माणसानं काय काय केलं असेल,
ते कुणी लिहून ठेवलं नाही, असं ती म्हणत होती,
तेवढ्यात आवाज बदलला.
खडखड संपून धप्. धप्.

उघडलं तर गोळीभोवती पीठ घट्ट बसलेलं,
श्ट्रुक्लीची कणीक चुकावी तसं.
तिनं एक थेंब टाकला.
एकच, डोळ्यात औषध घालतात तसा.
झाकण. पुन्हा तीस.
आवाज मोकळा झाला.

थेंब करतो तरी काय?
"खरं सांगू? नक्की कुणालाच माहीत नाही,"
आणि त्या क्षणी ती मला आवडली.

संध्याकाळी डबी माझ्याकडे आली.
सवयीनं हात ॲसिटोनच्या बाटलीकडे गेला
आणि तिथेच थांबला.
मी इथे ओतलं तर त्यांनी वर वाचवलं काय?

बसले जरा.
मग डब्यात जाडं मीठ घातलं दोन चमचे,
तिच्याच बेटाचं, तिनंच नाताळात दिलेलं.
गोळ्या टाकल्या, फिरवलं, फडक्यानं पुसलं.
लख्ख.
तिच्या किरणाला मात्र अजून एक रेघ दिसली, केसाएवढी.
दुसऱ्यांदा मीठ. तीही गेली.

ती दर महिन्याला गोळ्या तोलते.
वजन कमी भरतं, किंचित, पण भरतं.
पोलादाची गोळी झिजते
आणि उद्या कुणाच्या तरी तापाच्या गोळीत उतरेल
म्हणून तिला झोप येत नाही.
मी म्हटलं, इतकी वर्षं मी झिजले ते कुठे उतरलं
ते कुणी तोललं का?
ती हसली नाही. वहीत काहीतरी लिहिलं.

पिंप आता सहा आठवड्यांनी भरतं.
ट्रकवाला झ्वोनिमिर विचारतो, "बंद पडलं की काय तुमचं?"
मी अर्ध्या पिंपावर सही करते.
दोन वर्षांनी निवृत्ती आहे, त्याआधी
विसळायला काय उरेल, तेही मी विचारलेलं नाही.

काल लोव्होर्का उशिरा आली.
पीठ मी मोजलं, झाकण मी आवळलं,
बटण मीच दाबलं.
दुसरा हात टेबलाच्या कडेवर होता.
म्हटलं, राहू दे.